तिसरीला झारा

छापील शब्दाइतकी बलाढ्य गोष्ट या पृथ्वीच्या पाठीवर दुसरी झालेली नाही. त्याने सिंहासनं हलवली, समुद्रापलीकडची माणसं एकमेकांना जोडली आणि मेलेल्यांनाही बोलतं ठेवलं. असं शाळेच्या भाऊसाहेबांचं ठाम मत होतं. ते हे मत मांडत होते तेव्हा समोर बसलेले शिपाईमामा त्यांच्याच छापील शब्दांची सुबक घडी घालून ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारत होते.

"बोला, बोला, ऐकतोय मी," मामा वाकल्या वाकल्याच म्हणाले. "पलीकडच्या पायालाही एक लागेल."

भाऊसाहेब म्हणजे शाळेचे कारकून. शाळा प्राथमिक, पहिली ते चौथी, मुलं तीनशे बारा. दाखले, हजेरीपट, खडूंचे खोके, डब्यांची हरवलेली झाकणं असं सगळं त्यांच्याकडे होतं, पण जीव अडकला होता तो 'शाळेची बातमी' या पानात. दर शुक्रवारी एक पान, पाठपोट, प्रत्येक दप्तरात एक. कोणत्या वर्गात कांजिण्या निघाल्या, पाण्याची टाकी कधी धुतली, पालकसभा कधी, आणि या आठवड्यात कुणाकुणाचे दात पडले. मागच्या बाजूला, खालून तिसरी, सुरक्षेची सूचना असायची: संकटाच्या वेळी शाळेतून मूल कसं न्यावं. अठ्ठावीस वर्षं तीच सूचना, तेच शब्द, तोच जागच्या जागी बसलेला अर्धविराम.

या पानाचं पुढे काय होतं, हे भाऊसाहेब रोज डोळ्यांनी बघत. त्याची विमानं होत. होड्या होत. डब्यातून काही सांडलं की ते टिपायला तेच पुढे येई. एकदा तर एका मुलाने त्याची टोपी करून भाऊसाहेबांनाच सलाम ठोकला होता आणि कपाळावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'पालकांनो, लक्ष द्या.'

म्हणून महिन्याच्या सुरुवातीला मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, त्यांना आत बोलावलं तेव्हा त्यांना फारसं नवल वाटलं नाही.

"भाऊसाहेब, मनाला लावून घेऊ नका," मोठ्या बाई म्हणाल्या, "पण हे पान कुणी वाचत नाही हो. महिनाअखेर बंद करू. आता पालकांचा मोबाईलवर ग्रुप आहे. एक बोट लावलं की तीनशे घरांत बातमी."

त्या ग्रुपवर रोज सकाळी दोन-अडीचशे फुलं यायची, आणि त्यांच्याखाली कुठेतरी एखादी बातमी गुदमरून पडलेली असायची. भाऊसाहेब घरी गेले आणि बायकोला म्हणाले, "माझं पान कुणी वाचत नाही म्हणे."

"कोण म्हणतं? मी वाचते की!"

"मग सांग, गेल्या शुक्रवारी काय होतं त्यात?"

बायकोने क्षणभर विचार केला. "छपाई फार स्वच्छ आली होती," ती म्हणाली.

तेव्हा कुठे भाऊसाहेबांच्या मनाला लागलं. आणि मनाला लागलेला कारकून काय करील, हे सांगता येत नाही.

गुरुवारी संध्याकाळी पान जुळवताना त्यांनी एक परीक्षा घ्यायची ठरवली. सुरक्षेच्या सूचनेला त्यांनी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा हात लावला. वरच्या ओळी तशाच ठेवल्या: पायी यावं, वाहन आणू नये, वाचनालयामागच्या मैदानावर मागच्या गल्लीने यावं, गडबड करू नये. मग डोळ्यांसमोर स्वतःच्या स्वयंपाकघरातली भिंतीवर चमचे टांगायची पट्टी आणली आणि अगदी गंभीर सरकारी भाषेत लिहिलं:

'पालकांनी येताना पुढीलप्रमाणे वस्तू हातात उंच धरून यावे. इयत्ता पहिली: पळी. दुसरी: उलथने. तिसरी: झारा. चौथी: लाटणे. एकाहून अधिक पाल्य असल्यास त्या त्या सर्व वस्तू आणाव्यात. वस्तूशिवाय मूल ताब्यात मिळणार नाही.'

जागा पुरेना. म्हणून त्यांनी खालची एक ओळ काढून टाकली. ती ओळ होती, 'येताना मुलाचे ओळखपत्र न विसरता आणावे.'

हिशेब सोपा होता. तीनशे घरांतून एक, फक्त एक माणूस येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, हा काय चावटपणा?" की त्याच्या दंडाला धरून त्याला मोठ्या बाईंसमोर उभं करायचं आणि म्हणायचं, हा बघा वाचक! मग पुढच्या शुक्रवारी सूचना पूर्ववत. मोठ्या बाईंनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. शुक्रवारी पान दप्तरांत गेलं.

शनिवारी कुणी आलं नाही. सोमवारी एक वडील कचेरीत शिरले. भाऊसाहेब खुर्चीतून अर्धे उठलेच.

"बोला! काही वाचण्यात आलं का?"

"मुलाची टोपी हरवलीय," ते गृहस्थ म्हणाले. "निळी. आतून नाव शिवलंय."

सोमवारी संध्याकाळी भाऊसाहेबांनी मामांना निकाल सांगितला. "संपलं, मामा. उद्या मी छापलं की शाळा चंद्रावर हलवली आहे, तरी कुणी हूं की चूं करणार नाही."

"चंद्रावर झाडायला मी येणार नाही," मामा म्हणाले. "आधीच सांगून ठेवतो."

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास शाळेसमोरचा रस्ता खणणाऱ्या यंत्राने आपली वर्षभराची साधना फळाला आणली. आधी त्याने फोन-मोबाईलच्या तारांचा जाडजूड जुडगा तोडला, आणि लोक ओरडायला लागल्यावर घाबरून मागे सरताना गॅसची मोठी नळी फोडली. जमिनीतून असा फुत्कार उठला की दुसरीच्या वर्गात पाढे म्हणणारी मुलं सातव्या घरातच थांबली.

शाळेने त्या दिवशी जे केलं ते नीट केलं, हे सांगायलाच हवं. घंटा झाली. प्रत्येक वर्गाची गाठी मारलेली दोरी निघाली, एकेका गाठीला एकेका मुलाने धरलं, आणि तीनशे बारा मुलं मागच्या दाराने निघून वाचनालयामागच्या मैदानावर चार कोपऱ्यांत बसली. मोजणी झाली. तीनशे बारा. अग्निशामक दल आलं, त्यांनी शाळेकडे जाणारी वाट बंद केली आणि सांगितलं, दुपार टळेपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही. मुलांचे फोटो आणि पालकांच्या सह्या असलेली कार्डं आतल्या लोखंडी कपाटात होती. कपाटाची किल्ली भाऊसाहेबांच्या खिशात होती, आणि तिचा आता पाठ खाजवण्यापलीकडे काही उपयोग नव्हता.

मोठ्या बाई मोबाईल आकाशाकडे धरून मैदानभर फिरत होत्या. "ग्रुपवर जात नाहीये," त्या म्हणत होत्या. "नुसतंच गोल गोल फिरतंय!"

दलाचे साहेब उंच, शांत आणि धुळीने माखलेले गृहस्थ होते. ते म्हणाले, "आमची गाडी भोंग्यावरून सांगत फिरतेय की मुलं सुखरूप आहेत. म्हणजे दहा मिनिटांत सगळं गाव इथं येणार. आता माझा प्रश्न एवढाच आहे बाई, की कोणतं मूल कुणाच्या हातात द्यायचं, हे तुम्हाला कळणार कसं? मागे एका शाळेत अशीच धांदल झाली. दोन पोरं भलत्याच माणसांबरोबर गेली. दिवसभर शोधत होतो आम्ही. त्या आया माझ्या अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत."

"आमच्याकडे तसं होणार नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "प्रत्येक पालकाकडे ओळखपत्र आहे आणि ते आणायची सूचना दर शुक्रवारी पानात असते. असते ना, भाऊसाहेब?"

भाऊसाहेबांनी खिशातली किल्ली चाचपली. पान कुणी वाचत नसेल तर आता लोंढा येणार होता, ज्याला जे पोर दिसेल ते उचलणार होता. आणि एखाद्याने चुकून वाचलंच असेल, तर तो ओळखपत्राऐवजी उलथनं घेऊन येणार होता. तीनशे बारा मुलं चार कोपऱ्यांत बसून त्यांच्याकडे बघत होती. पहिलीतल्या एकाने तर हात हलवून "भाऊसाहेब!" अशी हाकही मारली.

"असते," ते म्हणाले. "म्हणजे... असायची."

"असायची म्हणजे?"

भाऊसाहेब उत्तर देणार होते. खरं सांगणारच होते. पण तेवढ्यात त्यांची नजर मागच्या गल्लीकडे गेली आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

गल्लीच्या कडेच्या भिंतीवरून आधी एक पळी दिसली. नुसती पळी. उन्हात चमकत, सरळ उभी, हळूहळू पुढे सरकत होती. तिच्यामागे दुसरी आली. मग एक झारा. मग तीन लाटणी आणि उलथन्यांचा एक थवा. भिंत संपली तशी त्यांच्याखालची माणसं दिसायला लागली. सगळी पायी. कुणी धावत नव्हतं. कुणी ओरडत नव्हतं. बसचा कंडक्टर गणवेशात, खांद्याला पिशवी आणि हातात पळी. डोक्यावर ओला टॉवेल गुंडाळलेली एक बाई उलथनं धरून. गळ्यातला स्टेथोस्कोप काढायचं विसरलेल्या डॉक्टरीणबाई लाटणं धरून. न्हाव्याच्या खांद्यावर अजून कुणाचे तरी केस होते, त्याच्याकडे कोरं करकरीत उलथनं, लेबलासकट. एका बाईच्या मुठीत पळी, झारा आणि लाटणं फुलांच्या गुच्छासारखं, तीन इयत्तांत तीन लेकरं. आणि सगळ्यांत मागे खाणावळीचा आचारी, खांद्यावर पुरुषभर उंचीचा झारा, चेहरा एखाद्या निशाणधाऱ्यासारखा.

शेकडो माणसं. सगळ्यांचे हात वर. आणि गल्लीत आवाज फक्त चपलांचा.

अठ्ठावीस वर्षांत भाऊसाहेबांनी लिहिलेली एक ओळ त्यांच्याकडे चालत येत होती.

मैदानात शिरताच ती गर्दी आपोआप फुटली. पळ्या पहिलीच्या कोपऱ्याकडे, उलथनी दुसरीकडे, झारे तिसरीकडे, लाटणी चौथीकडे. शिक्षिकांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण समोर रांग लागली की शिक्षकाला पुढचं सांगावं लागत नाही. आणि मग भाऊसाहेबांच्या स्वप्नातही नव्हतं ते घडलं. वर्गवार उभी राहिल्यामुळे प्रत्येकाच्या मागेपुढे ओळखीचीच माणसं आली. पळीवाल्यांना सगळे पळीवाले ठाऊक. "हो बाई, ही त्याचीच आई, आमच्या खालच्या मजल्यावर राहते." "हे काका नाहीत, मोठा भाऊ आहे, दाढीमुळे वाटतो तसा." एकेक मूल उठत होतं, बाई नाव लिहीत होत्या, मागचे दोघे मान डोलवत होते, आणि मूल आपल्या माणसाच्या हातात जात होतं.

दलाच्या साहेबांनी डोक्यावरचं शिरस्त्राण काढून काखेत धरलं. "वीस वर्षं नोकरी झाली," ते हळूच म्हणाले, "पण असं नाही पाहिलं. ही पद्धत कुणी काढली?"

मोठ्या बाईंना यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. पण त्या मुरलेल्या मुख्याध्यापिका होत्या. "आमची जुनीच पद्धत आहे," त्या म्हणाल्या, आणि भाऊसाहेबांकडे अशा नजरेने बघितलं की नंतर सविस्तर बोलू.

एवढ्यात पुढच्या बाजूने मोटार आणायचा प्रयत्न फसल्यावर शाळा समितीचे अध्यक्ष घाम पुसत पायी आले आणि तडक चौथीच्या रांगेत घुसले. त्यांच्या वाटेत एक भाजीवाली आडवी उभी राहिली.

"कुठं निघालात, दादा?"

"नातवाला न्यायला. सरका."

"लाटणं?"

"काय?"

"लाटणं कुठाय?"

"अहो बाई, मी अध्यक्ष आहे!"

"असाल की. मी कुठं नाही म्हणते? पण चौथीला लाटणं. वस्तूशिवाय मूल ताब्यात मिळणार नाही. मागच्या बाजूला, खालून तिसरं. वाचत नाही वाटतं पान?"

मागून कुणीतरी म्हणालं, "समितीवरची माणसं, त्यांना कुठला वेळ!" आणि रांगेत खसखस पिकली. अध्यक्षांनी मदतीसाठी भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेब त्या क्षणी 'खालून तिसरं' हे दोन शब्द कानात साठवत होते, त्यांना बाकी काही ऐकू येत नव्हतं. शेवटी अध्यक्षांच्या सूनबाई लाटणं घेऊन आल्या, रांगेत उभ्या राहिल्या, आणि नंबर आल्यावर नातू आणि आजोबा, दोघांनाही घेऊन गेल्या.

तासाभरात मैदान रिकामं व्हायला लागलं. वहीत तीनशे अकरा नावांपुढे खुणा झाल्या. राहिली एक, तिसरीतली दोन वेण्यांची मुलगी, गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसलेली.

"हिच्या घरचं कुणी नाही आलं?" साहेबांनी विचारलं.

भाऊसाहेब फाटकापर्यंत गेले. आणि तिथे, फाटकाबाहेर भिंतीला चिकटून, रिकाम्या हातांनी एक बाई उभी असलेली त्यांना दिसली. बोटांवर भाजल्याचे जुने डाग, पदर घट्ट खोचलेला, आत बघत होती, पण उंबरठा असावा तशी फाटकाच्या अलीकडेच थांबलेली.

"कोण हवंय, ताई?"

"ती दोन वेण्यांची आहे ना, तिची आई मी."

"अहो मग आत या ना! केव्हापासून उभ्या आहात?"

"झाला असेल अर्धा तास. लॉन्ड्रीत इस्त्री करत होते, गावाच्या त्या टोकाला. भोंगा ऐकला तशी पळत आले." तिने हात पुढे करून दाखवले. "झारा नाही आणला."

भाऊसाहेबांनी तिला आत यायची खूण केली.

"मी जाऊन कुठूनतरी घेऊन येते," ती म्हणाली. "तासभर लागेल. तेवढ्यात तिला दुसऱ्या कुणाला देऊ नका, एवढं सांगायला थांबले होते."

"मग हाक का नाही मारलीत?"

"पानात लिहिलंय ना, गडबड करू नये."

भाऊसाहेब एक पाऊल पुढे सरकले. "तुम्ही वाचता ते पान?"

"मला कुठं वाचता येतं? ती वाचते. शुक्रवारी कामावरून आले की आम्ही सगळे बसतो. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एक अक्षर सोडत नाही. टाकी धुतली, कांजिण्या निघाल्या, सगळं. सासूबाईंना तर दातांचं भारी वेड. ते पहिलीतलं जुळं आहे ना, त्यातल्या धाकट्याचा पुढचा दात अजून पडला नाही म्हणून त्या काळजीत आहेत."

भाऊसाहेबांनी त्या जुळ्यांच्या दाताची बातमी कधी, कशी लिहिली होती ते आठवायचा प्रयत्न केला. जागा भरायला लिहिली होती. ती कुणाच्या तरी घरात जाऊन बसली होती, पाटावर, घरच्या माणसासारखी. अशी किती घरं असतील, याचा विचार करताना त्यांना उंच जागेवरून खाली बघितल्यासारखं झालं.

"ताई," ते म्हणाले, "ते झारा-बिरा मी उगाच लिहिलं होतं. चेष्टा होती. कुणी वाचतं का ते बघायला. चुकलं माझं. चला, मुलीला घ्या."

तिने त्यांच्याकडे कौतुकाने बघितलं, मन राखायला खोटं बोलणाऱ्या भल्या माणसाकडे बघावं तसं. "तुम्ही चांगुलपणाने म्हणताय, साहेब. पण एवढ्या सगळ्यांनी आणलं आणि मलाच सूट कशाला? उद्या कुणीही येईल आणि म्हणेल, मी आई आहे."

दलाचे साहेबही जवळ येऊन उभे राहिले. उत्तर आचाऱ्याने दिलं. त्याचा मुलगा दलाच्या गाडीपासून हलायला तयार नव्हता म्हणून तो रेंगाळला होता. त्याने खांद्यावरचा पुरुषभर झारा उतरवला आणि तिच्या हातात दिला. "वहिनी, एका हाताने नका धरू," एवढंच म्हणाला. "जड आहे."

तिने तो दोन्ही हातांनी उचलला, सूचनेप्रमाणे उंच, आणि ती मैदानात शिरली. रिकाम्या मैदानात ती एकटी चालत होती आणि तिची सावली तिच्यापुढे झारा घेऊन. दलाचे जवान नळ्या गुंडाळायचे थांबले. तिसरीच्या बाईंनी उगाचच पदर सारखा केला. मुलगी उठून उभी राहिली, पण धावली नाही. आई समोर येऊन उभी राहीपर्यंत, बाईंनी खूण करेपर्यंत थांबली. मग मात्र तिने आईच्या कमरेला अशी मिठी मारली की झारा डुलला.

तीनशे बारा.

मामा डोळे पुसत होते. "धूळ उडाली," ते म्हणाले. वारा पडलेला होता.

मोठ्या बाई भाऊसाहेबांजवळ आल्या. "ओळखपत्राची ओळ कुठे गेली?"

"जागा कमी पडली."

"पुढच्या वेळी दोन्ही बसवा," बाई म्हणाल्या. "पान बंद करायचं नाही. मी असेपर्यंत नाही. आणि यापुढे सही करण्याआधी मी ते वाचणार आहे."

दलाच्या साहेबांनी भाऊसाहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला. "ही सूचना मला जशीच्या तशी लिहून द्या. इथल्या प्रत्येक शाळेत पाठवतो. माणसं इतका विश्वास कशावर ठेवतात हो? मी तर कधी बघितला नाही."

भाऊसाहेब ताठ झाले. अठ्ठावीस वर्षांची एकेक ओळ त्यांच्यामागे हात वर करून उभी आहे असं त्यांना वाटलं. छापील शब्दाच्या सामर्थ्याबद्दल दोन वाक्यं बोलावीत म्हणून त्यांनी घसा खाकरला, छातीवर हात ठेवला, आणि मान वर करून ओठ उघडले.

तेव्हा कुणीतरी त्यांच्या बाहीला हळूच ओढलं. इस्त्रीवाली बाई होती. मुलगी शेजारी, झारा आचाऱ्याला परत केलेला.

"पान तुम्हीच लिहिता ना, साहेब?" तिने दबकत विचारलं. "एक विनंती होती. तिसरीला झाऱ्याऐवजी उलथनं ठेवता येईल का? आमच्याकडे झारा नाहीये."